उघाडीवरचा जिताडा

"काका, मासा मरतोय हो!"

मी वर बघितलंच नाही. उघाडीच्या कठड्यावर बसून जाळ्याला शिसं ओवत होतो, ते ओवतच राहिलो. उघाडी म्हणजे आमच्या खारबंदिस्तीतला, खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधातला, पाण्याचा दरवाजा. ओहोटीला उघडतो, भरतीला मिटतो. बाहेर खाडी, आत आमची भातशेती आणि तळी. सकाळच्या वेळी तिथं माझ्याशिवाय कुणी बसत नाही, कारण बसलेलं मला चालत नाही.

"काका, ऐकताय ना? मासा..."

"मरतोय. ऐकलं. मासे मरतातच बाबा. त्याशिवाय कालवण कसं होणार?"

मग मान वर केली. खाली चिखलात एक पिवळी प्लास्टिकची होडी रुतली होती. कयाक म्हणतात तिला, हे मला नंतर कळलं. एका माणसापुरती, ढुंगण कसंबसं मावेल एवढी. तिच्यात एक उंच, किडकिडीत पोरगा. चष्मा दोरीनं बांधलेला, अंगात बारा खिशांचं जाकीट आणि नाकाला पांढरंफेक मलम फासलेलं.

मी त्याला पटकन ओळखलं. ओळखणार नाही तर काय? त्याचा फोटो माझ्या बायकोनं, चांगुणानं, तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता. तिला वाटायचं मला माहीत नाही. मी तो सात-आठ वेळा बघितला होता. फोटोत त्याच्या शेजारी गळ्यात हार घालून माझी मुलगी उभी होती, दक्षता.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा चौदा महिने मी मुलीशी बोललो नव्हतो. पुण्याला नोकरीला गेली आणि तिथलाच मुलगा, निनाद, पसंत करून आली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "नाना, विचारत नाही, सांगतेय." मी म्हटलं, "मग तो माझ्या दारात नको." ती उभ्या उभ्या म्हणाली, "बोलवाल तेव्हा दोघांना बोलवा. एकटी मी येणार नाही." रजिस्टर लग्न केलं आणि खरंच आली नाही. ना गणपतीला, ना शिमग्याला. पोरगी माझीच, हट्टाला कमी कशी असेल! चांगुणा रोज तिच्याशी फोनवर बोलायची आणि मी दुसऱ्या खोलीत रेडिओ मोठा करायचो. मग थोडा बारीक करायचो, ऐकू यावं म्हणून.

आणि राग कशाचा म्हणाल तर, जात-पात राहू दे बाजूला. मुलगा मासे खात नव्हता! आमच्या घरात! हसुराम घरताच्या घरात, जिथं पोर दूध सोडतं ते माशाच्या रश्शावर!

तर असा तो मासे न खाणारा माझ्या उघाडीपाशी मासा घेऊन उभा.

"पाहुणे कुठले?" मी विचारलं. माहीत असून विचारलं. थोडी मजा मलाही हवी होती.

"पुण्याचे. स्पर्धेला आलोय, कयाक फिशिंगच्या. काका, मोठा जिताडा आहे हो. एकाहत्तर सेंटिमीटर. पण पंप बंद पडला. बॅटरी गेली बहुतेक."

त्यानंही ओळख दाखवली नाही. बरंय, म्हटलं, तू पण खेळ.

होडीच्या मागच्या बाजूला एक चौकोनी डबा होता. त्यात पाणी, पाण्यात एक नळी आणि नळीच्या टोकाला तो पंप. चालू असला की आत बुडबुडे सोडतो आणि मासा श्वास घेत राहतो. आता बुडबुडे नव्हते. पाणी तापलं होतं आणि आत जिताडा तिरपा होऊन कल्ले उघडझाप करत होता. काय मासा होता! पाठीला सोन्याची झाक. दवाखान्यात सलाईन संपलेल्या माणसासारखा पडला होता बिचारा.

"मेला तर मेला. टोपलीत घाल आणि घरी जा."

"मेला तर शून्य, काका. नियम आहे. पंच येईपर्यंत जिवंत ठेवायचा. त्यांनी मोजला, फोटो काढला की त्यांच्यासमोर खाडीत परत सोडायचा."

"परत सोडायचा?"

"हो."

"मग पकडलास कशाला?"

"मोजायला."

चाळीस वर्षं मी या खाडीत जाळं टाकतोय. मासा मोजायला पकडणारा माणूस पहिल्यांदा बघत होतो. "खात नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"बायको खाते?"

"तिला फार आवडतात. पण आमच्याकडे घरात..." माझ्या काळजात कुठंतरी बारीक काटा रुतला. पोरगी चौदा महिने वरण-भातावर आहे म्हणजे.

तेवढ्यात डब्यात मासा पूर्ण उलटा झाला. पांढरं पोट वर. पोरगा ओरडला, "गेला! काका, गेला!" आणि ओंजळीनं त्याच्या अंगावर पाणी मारायला लागला. ते बघून मला राहवलं नाही. माणसावर राग असतो, माशावर कसला राग?

मी चिखलात उतरलो. बसायला घेतलेलं गोणपाट खाडीत बुडवलं, त्यात जिताडा गुंडाळला आणि छातीशी धरून धावत सुटलो. "काका, कुठं नेताय? काका!" तो चिखलातून पचक-पचक करत मागं. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली त्याची. बांधाच्या पलीकडे माझं तळं. मी गुडघाभर पाण्यात शिरलो, मासा सरळ धरला, तोंड पुढं करून दोन-चार वेळा पुढं ढकलला, म्हणजे पाणी कल्ल्यांतून वाहतं. शेपटी हलली. हातात जीव आला. आणि मी त्याला सोडला. डुबुक.

"झालं!" मी म्हटलं. "आता कुठं मरत नाही."

पोरगा बांधावर उभा, तोंड उघडं.

"काका, काय केलंत हे?"

"तुला जिवंत पाहिजे होता ना?"

"हो, पण माझ्याकडे जिवंत!"

आता तुम्ही मला हसाल. पण आमच्याकडे मासा जिवंत ठेवायचा म्हणजे तळ्यात सोडायचा, दुसरी रीतच माहीत नाही. खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची, वाढवायची. वाडवडिलांपासून हेच. तो डबा, तो पंप, तो पंच माझ्या डोक्यातच आला नाही. मासा मरत होता, मी तळं गाठलं. संपलं.

"काढून देतो की," मी म्हटलं. "माझंच तळं आहे. पंच कधी येणार?"

"भरती लागली की. अकराला."

नऊ वाजले होते. मी जाळं घेतलं आणि फेकायला सुरुवात केली. पहिल्या फेकीला कोळंबी आणि शेवाळ. पाचव्या फेकीला हातभराचा जिताडा. "हा?" "नाही काका, हा लहान आहे." दहाव्या फेकीला त्याची चप्पल येते की काय असं वाटायला लागलं. तो पोरगाही पॅन्ट वर करून पाण्यात उतरला. जाळं ओढायला हात लावला. पाय कुठं टाकायचा ते कळत नव्हतं, दोनदा बसकण मारली, पण हात सोडला नाही. जाळं धरायची पद्धत मात्र मला ओळखीची वाटली. डाव्या कोपरावर घडी, शिसं दातात. असं मी धरतो. आणि मी ते एकाच माणसाला शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना.

"कुणी शिकवलं?"

"बायकोनं. पुण्यात, सोसायटीच्या गच्चीवर. चादर घेऊन."

मी तोंड फिरवलं. हसू आलं होतं, ते त्याला कशाला दाखवा.

पावणेअकरा झाले. खाडीत इंजिनाचा आवाज आला. पंचांची होडी. पोरग्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "जाऊ द्या काका. तुम्ही खूप केलंत. तो जिवंत राहिला, हेच खूप झालं."

रागावला असता तर बरं झालं असतं. मी जाळं पुन्हा उचललं. या वेळी कुठं फेकलं, ते मला नीट ठाऊक होतं. शिंदीच्या सावलीत, उभ्या काठाजवळ. जाळं पडलं आणि पाणी असं उसळलं की आम्ही दोघंही भिजलो. दोघांनी मिळून जाळं ओढलं. मासा काढला आणि मी म्हटलं, "हा घे. सापडला तुझा."

तो माशाकडे बघत राहिला. "काका, हा माझा नाही. माझा एवढा मोठा नव्हता."

"लांबला असेल. आमच्या तळ्याचं पाणी चांगलं आहे."

"दोन तासांत?"

"खायला चांगलं मिळतं इथं. गप बस आणि डब्यात घाल."

ओल्या गोणपाटात घालून आम्ही तो बांधापलीकडे नेला, डब्यात ताजं पाणी भरलं. शेपटी बाहेरच राहिली. तेवढ्यात पंचबाई आल्या. टोपी, शिट्टी, हातात मोजपट्टी. होडी आमच्या पदाजी म्हात्र्याची. पदाजी म्हणजे गावचं वर्तमानपत्र, आणि तेसुद्धा फुकट. त्यानं डब्यात डोकावून बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

बाईंनी पट्टी लावली. "अठ्ठ्याऐंशी! अहो, पहिला नंबर आहे हा. आत्तापर्यंत चौऱ्याहत्तरच्या वर कुणी नाही. तुमचाच ना?"

"त्याचाच," मी पटकन म्हटलं.

"नाही मॅडम," पोरगा म्हणाला. "माझा एकाहत्तरचा होता. तो तळ्यात आहे. हा यांचा आहे."

"अरे, त्याचाच आहे म्हणतोय ना मी!"

"काका," बाई जरा कडक झाल्या, "स्पर्धेत असं खोटं बोलून चालत नाही."

तेव्हा पदाजी खदाखदा हसायला लागला. "बाय, ह्यो तर नानाच्या तळ्यातला! पाच वर्सं झाली, कुनाला हात लावून देत नाय. आमदार मागत होता, त्याला नाय दिला. नाना, आज कसा काय काढलास र?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता सांगण्याशिवाय इलाज नव्हता.

आमच्या भागात रीत आहे. घरात पोरगी लग्नाची झाली की बाप तळ्यात एक जिताडा वेगळा राखतो. लेकीचा नवरा पहिल्यांदा घरी आला की तो काढायचा आणि त्याला खिलवायचा. दक्षता शेवटच्या वर्षाला होती तेव्हा मी हा आणला होता, बोटाएवढा. रोज कोळंबी घालून वाढवला. मग तिनं लग्न केलं आणि मी बोलणं टाकलं. पण कोळंबी घालणं नाही टाकलं. चांगुणा विचारायची, "कुणासाठी वाढवताव हा?" मी म्हणायचो, "कुणासाठी नाय. आपला असाच."

"खोटं नाही बाई," मी पंचबाईंना म्हटलं. "तुमच्या स्पर्धेचा नसेल. पण मासा त्याचाच आहे. हा जावयाचा जिताडा आहे, आणि हा माझा जावई आहे."

पदाजीची शिट्टी निघाली. बाईंना बिचाऱ्यांना काही कळलं नाही. त्यांनी वहीत शून्य लिहिलं, सॉरी म्हणाल्या आणि होडी वळवली. पदाजी जाता जाता ओरडला, "गावात सांगू का र नाना?"

"नको सांगू म्हटलं तर थांबशील का?"

होडी गेली. आम्ही दोघंच राहिलो, मध्ये डबा. निनादनं चष्मा पुसला. पुसतच राहिला. मग म्हणाला, "नाना." काका नाही म्हणाला. "थँक्यू." आणि लगेच दोन्ही हात डब्यात घालून मासा उचलायला लागला.

"काय करतोस?"

"सोडतो की खाडीत. माझा आहे म्हणालात ना?"

पाच वर्षांची कोळंबी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. पण शब्द दिला होता, आता काय बोलू? तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात ओले, मासा हातात. त्यानं मान पुढं केली. "नाना, खिशातून घ्याल? दक्षताच असेल."

बारा खिशांतून फोन शोधेपर्यंत तो दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा मी घेतला.

"काय रे, किती आला?" ती म्हणाली.

"शून्य," मी म्हटलं.

पलीकडून अगदी हळू, "नाना?"

"हं."

"बरे आहात?"

"बराय." चौदा महिने जमवलेली भाषणं होती माझ्याकडे. एकही आठवेना. "तुझा जिताडा काढलाय. तळ्यातला. ह्याला दिला, तर हा सोडायला निघालाय."

"काय!" कानठळ्या बसल्या मला. "नाना, त्याच्या हातात देऊ नका! त्याला सोडायची सवय आहे! तो खात नाही म्हणून काय झालं, मी खाते ना! डोकं माझं. मी निघाले, अडीच तासांत पोचते. तोपर्यंत जिवंत ठेवा."

"कुणाला? माशाला की नवऱ्याला?"

"दोघांनाही!" म्हणाली आणि फोन ठेवला.

तळ्यात परत सोडला असता तर पुन्हा हाती लागला नसता, एकदा जाळं बघितलेला मासा शहाणा होतो. म्हणून आम्ही होडी उघाडीजवळच्या एका शिंदीच्या सावलीला ओढली आणि डब्याच्या दोन बाजूंना बसलो. एक तांब्या. अर्धा तास तो उंचावरून पाणी ओतायचा, अर्धा तास मी. अधूनमधून डब्यातलं पाणी बदलायचं. चांगुणा तेवढ्यात येऊन गेली. पदाजीचं वर्तमानपत्र पोचलं होतं. निनादच्या पुढ्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं ठेवलं, माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला आणि मसाला वाटायला पळाली.

पाणी ओतता ओतता माझा हात त्या पंपाच्या वायरीला लागला. सहज बघितलं तर बटण बंद होतं. मी दाबलं. भुर्रर्र करून बुडबुडे सुरू झाले.

मी निनादकडे बघितलं. त्याचं तोंड घासासकट थांबलं होतं. नाकावरचं मलम सोडून सगळा लाल.

"बॅटरी गेली होती ना रे?"

"नाना, म्हणजे..."

"पंचबाईंसमोर हरिश्चंद्र. आणि सासऱ्यापाशी?"

"दोनच मिनिटं बंद करणार होतो," तो म्हणाला. "पुढच्या दारानं आलो असतो तर तुम्ही घेतलं नसतं. मरणाऱ्या माशाला तुम्ही नाही म्हणणार नाही, असं... म्हणजे मला वाटलं. पण ऊन फार होतं. तो खरंच उलटा झाला तेव्हा मी ओरडलो, ते नाटक नव्हतं."

"आणि ही अक्कल कुणाची?"

त्यानं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. बायकोचं नाव सांगायचं नाही एवढं शहाणपण होतं त्याच्याकडे. मी बुडबुड्यांकडे बघत बसलो. खरं तर चिडायला हवं होतं. मग मी बटण बंद केलं आणि तांब्या उचलला.

"चालू राहू दे ना," तो म्हणाला.

"माझी पाळी आहे," मी म्हटलं. "तू जेव."

दीडच्या सुमाराला बांधावर गाडी थांबली. दक्षता उतरली. बारीक झाली होती, आणि वरण-भातानं माणूस बारीक होतं हे माझं मत मी अजून बदललेलं नाही. तशीच धावत उघाडीपर्यंत आली. आधी डब्यात बघितलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. माझे कपडे चिखलानं भरलेले, त्याचेही.

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"दिसतंय." तिचा हात डब्याच्या कडेवर होता, आणि डोळे भरलेले. "तरी मी ह्याला सांगत होते, बॅटरी जुनी झालीय, बदल. बघा, दगा दिलाच ना तिनं?"

फोनवर मी बॅटरीचं नाव काढलं नव्हतं. त्याचा फोन तर अजून माझ्याच खिशात होता. निनाद खाडीकडे बघायला लागला.

"दिला खरा," मी म्हटलं. "पार मेली होती बॅटरी."

मी मासा गोणपाटात गुंडाळला आणि घराच्या वाटेला लागलो. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, मागं कुणी येत नाही. वळून बघितलं. ती दोघं होडीपाशीच उभी होती. निनाद निघाला होता, तिनं त्याचा दंड धरून ठेवला होता.

"काय झालं?"

"नाना, मी मासा बघायला आले होते," ती म्हणाली. "घरी चल असं अजून कुणी म्हणालं नाही."

हातात आठ-नऊ किलोचा जिताडा, तोही फडफडतोय. मी गोणपाट छातीशी घट्ट धरलं. चौदा महिने जे नुसतं गिळत होतो ते एकदाचं बाहेर आलं, आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार सोपं निघालं.

"चला गं घरी," मी म्हटलं. "दोघंही."